पन्नास किलोच्या आतला युजीन

नंदाखालच्या क्लेमेंट तुस्कानोंचा युजीन पंधराव्या वर्षी असा काही वाढायला लागला की घरच्यांचं राहू द्या, त्याचं त्यालाच ते झेपेना. जूनमध्ये शाळा उघडताना शिवलेली खाकी हाफपँट दिवाळीला मांडीवर चढली, आणि नाताळात तर ती आपली आहे हे कबूल करायचीही त्याला लाज वाटू लागली. सदऱ्याच्या बाह्यांतून मनगटं बाहेर आली. वरच्या ओठावर कोळशाचं बोट पुसावं तशी काळपट रेघ उमटली, कपाळावर पुटकुळ्या आल्या. आवाजाचं तर विचारूच नका. "आई, पाणी दे" म्हणताना 'आई' बापाच्या आवाजात निघायची आणि 'पाणी' धाकट्या फ्लॉसीच्या. फ्लॉसी दहा वर्षांची होती आणि तिला दया नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. तो तोंड उघडायची ती वाटच बघत असायची. त्यामुळे युजीनने हळूहळू बोलणंच कमी केलं.

क्लेमेंटने आपल्या परीने बापाचं कर्तव्य केलं. एके दिवशी मुलाला केळीच्या बागेत नेलं, पाटाच्या कडेला बसवलं, स्वतः शेजारी बसला, बराच वेळ खाकरला आणि म्हणाला, "तुझ्या मामालाही असंच झालं होतं." एवढं बोलून तो उठला आणि पाटाचं दार बदलायला गेला. मामाला काय झालं होतं, आणि मग त्याचं पुढे काय झालं, हे युजीनला कधीच कळलं नाही.

दुसरा कुठला मुलगा असता तर उंची वाढली म्हणून आरशासमोरून हलला नसता. युजीनचं दुःख वेगळं होतं. तो गावच्या कबड्डी संघात चढाईला जायचा, आणि तो संघ होता पन्नास किलोचा. त्या काळी तालुक्यातले सामने वयावर नाही, वजनावर भरत. सामन्याच्या दिवशी सकाळी एकेकाला काट्यावर चढवायचे. पन्नासच्या आत भरलास तर खेळ, पाव किलो जरी वर गेलास तर घरी जा. पन्नासच्या वर होता साठ किलोचा गट. त्यात लग्न झालेले, मिशा फुटलेले गडी खेळायचे, आणि नंदाखालचा त्या गटात संघच नव्हता. म्हणजे ज्याने पन्नास किलो ओलांडले त्याने रेषेबाहेर बसून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायच्या. एकोणीसशे एकोणऐंशी साली गोखिवऱ्याचे सामने पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतरच्या रविवारी ठरले होते. आदल्या वर्षी तिथेच युजीनची शेवटची चढाई फसली होती आणि संघ एका गुणाने हरला होता. ती हार त्याच्या मनात वर्षभर सलत होती. यंदा काहीही करून गोखिवऱ्याला खेळायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

संघाचे गुरू हरिभाऊ. हरिभाऊ पोस्टमन. दिवसभर सायकलवरून पत्रं वाटायचे आणि संध्याकाळी पोरांना मैदानात लोळवायचे. त्यांचा आवाज असा की एका आळीत पत्र वाचून दाखवलं तर दुसऱ्या आळीला वेगळं वाचावं लागत नसे. दर शनिवारी ते संघाला घेऊन केळ्यांच्या वखारीत जात, कारण माणूस मावेल एवढा मोठा काटा गावात तेवढा एकच. वखारीत लोंगरांची, म्हणजे केळीच्या घडांची, रांग लागलेली असायची, तिच्यामागे पोरं उभी राहायची. लोंगर उतरलं की वॉल्टर चढायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वॉल्टर संघाचा कप्तान, अंगाने गोल, स्वभावाने शांत. त्याचं वजन वर्षभर एकोणपन्नासावर खिळलेलं असायचं आणि युजीनला त्याचा मनापासून हेवा वाटायचा.

पास्काआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी युजीन काट्यावर चढला. साडेएकोणपन्नास.

"अरे, मागच्या शनिवारी एकोणपन्नास होतास ना?" हरिभाऊंनी डोळे बारीक केले. "सामन्याला अजून आठ आठवडे आहेत, बाबा. या चालीने पास्कापर्यंत तू बावन्न-त्रेपन्नावर जाशील. आता वाढायचं थांबव."

"कसं थांबवू?"

"ते तुझं तू बघ," असं म्हणून हरिभाऊ हसले, सायकलवर टांग मारली आणि निघून गेले. त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं आणि पुढच्या वळणापर्यंत ते विसरलेही. युजीनने मात्र ते शब्द गाठीला बांधून घरी आणले.

आता युजीनच्या घरी काय कमी होतं? दारात केळी, माड, अंगणात कोंबड्या, वाडीत वांगी, वाल, पालेभाजी, आणि आठवड्यातून दोनदा पाचूबंदराहून पुतळाबाई मासळीची टोपली घेऊन दारात. युजीन एका बैठकीला तांदळाच्या पाच भाकऱ्या खायचा, आणि वर दोन राजेळी केळी. वाढत्या वयाची भूक ती, तिला काय बंध? पण आता त्याने तिच्याशी वैर धरलं. त्याने शास्त्रशुद्ध विचार केला. एक बांगडा तळहातावर घेतला, जड लागला. उकडलेलं अंडं घेतलं, तेही जड. केळं तर फारच. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कुरमुऱ्यांचा पुडा आणला. एवढा मोठा पुडा, पण हातात काही आहे असं वाटेना. झालं, ठरलं. घरात पिकत होतं ते सगळं वजनदार आणि दुकानात मिळत होतं ते सगळं हलकं. त्या दिवसापासून युजीन कुरमुरे, टोस्ट, कोरा चहा आणि खिशातल्या नारंगी गोळ्यांवर राहू लागला. ताटातली भाकरी कुत्र्याला, मासा मांजराला. त्या दोन महिन्यांत घरचं कुत्रं आणि मांजर दोघंही अशी सुटली की पाहुणे त्यांची चौकशी करू लागले.

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागला आणि युजीनचं काम सोपं झालं. घरात सगळेच कमी जेवत होते. आई डेल्फिन स्वतः एकवेळ जेवायची. मुलाने ताट बाजूला सारलेलं बघून तिला पहिल्या आठवड्यात कौतुक वाटलं, दुसऱ्या आठवड्यात आश्चर्य, आणि तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या मनात भलताच विचार शिरला.

डेल्फिनने जे पाहिलं ते असं. एकुलता एक मुलगा, एरवी घासासाठी बहिणीशी भांडणारा, तो आपणहून उपास करतोय. बोलत नाही. एकटा बसतो, कुठेतरी दूर बघतो. पहाटे मिस्साच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी उठून बाहेर पडतो. कुठे जातो म्हणून तिने शेजारणीला विचारलं, तर शेजारीण म्हणाली, देवळाच्या आवारात असतो रोज. होता खरा. देवळाच्या आवाराइतकी सपाट जमीन गावात दुसरी नव्हती, म्हणून घाम गाळायला तो देवळाभोवती वीस फेऱ्या मारायचा. पण शेजारणीने फेऱ्या सांगितल्या नाहीत, देऊळ तेवढं सांगितलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, चेहऱ्यावर एक तेज. ते तेज घामाचं होतं. डेल्फिनने मात्र सगळं जुळवलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आपल्या युजीनला देवाचं पाचारण आलंय. तो फादर होणार.

तिने हे क्लेमेंटला सांगितलं. क्लेमेंट केळीच्या खोडाचे सोप सोलत होता. त्याने हात थांबवले.

"त्याला विचारलंस?"

"असं विचारतात का कुणी? देवाची हाक आहे ती. वेळ आली की तोच सांगेल."

क्लेमेंट पुन्हा सोप सोलू लागला. त्या घरात विचारायची पद्धत कुणालाच नव्हती, हे या कुटुंबाचं मोठं वैगुण्य.

पुतळाबाईंनी मात्र विचारलं. एका सकाळी त्या ओट्यावर टोपली उतरवून बसल्या होत्या. डेल्फिन बोंबील निवडत होती आणि युजीन दारातून आत गेला, म्हणजे भिंतीला धरून गेला.

"बाय माझे, या पोराला काय जालं?" पुतळाबाईंनी हातातला कोयता खाली ठेवला. "मांजरानं वडून आनल्यावानी दिसतंय. आजारी हाय काय?"

डेल्फिनने इकडेतिकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. कुणालाही न सांगण्याच्या बोलीवर सांगितलेली ही चौथी बाई होती.

पुतळाबाईंनी ऐकून घेतलं. "देवाचं काम चांगलंच हाय. पन देवाला तरी उपाशी पोर कशाला पायजे? माजे तीन पोरगे. या वयात एकेक जन पातेलं पुसून खायचा, आनि तरी माज्या तोंडाकडं बघायचा. हाडं वाढतात तवा त्यांना मागायचा हक असतो. हे घे," म्हणून त्यांनी दोन बांगडे वर टाकले, "याचे पैसे नको. त्याला खाऊ घाल."

ते बांगडे मांजराने खाल्ले.

इकडे मैदानात युजीनची अवस्था वाईट होती. कबड्डीत सगळा खेळ दमावर. समोरच्या अंगणात शिरायचं ते एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत, आणि श्वास सुटायच्या आत परत यायचं. पूर्वी युजीन त्या एका दमात समोरच्या तिघांना खेळवायचा. आता दोन पावलं टाकली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. त्यातून फुटलेला आवाज. 'कबड्डी'चा 'क' जाड निघायचा आणि 'ड्डी' चिरकायचा, की पोरं हसून लोळायची. हरिभाऊंना वाटलं, सामने जवळ आलेत, पोर घाबरलंय. त्यांनी पाठीवर थाप मारली तर युजीन खाली बसला. पण शनिवारचा काटा म्हणत होता साडेसत्तेचाळीस, आणि त्या आकड्यासाठी युजीन काहीही सोसायला तयार होता. त्याला आपल्या अंगाचा राग यायचा. हे हात, हे पाय कुणाला विचारून वाढले? रात्री गुडघ्यांत कळा यायच्या तेव्हा तो गुडघ्यांना शिव्या द्यायचा.

पास्काचा सण आला. घरात मटण शिजलं, तांदळाच्या रोट्या झाल्या. साऱ्या नंदाखालला मसाल्याचा वास सुटला होता. युजीनने दोन घास खाल्ले, ताटाकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो उठून परसात गेला. सामन्याला सातच दिवस राहिले होते.

डेल्फिनने ते अश्रू पाहिले आणि तिची खात्री पटली. दुसऱ्याच दिवशी ती फादरांना भेटून आली. फादर म्हणाले, आनंदाची गोष्ट आहे, मुलाला माझ्याकडे पाठव. डेल्फिन म्हणाली, रविवारी त्याचा गोखिवऱ्याला सामना आहे, तो झाला की पाठवते. तिला वाटत होतं, पोराने शेवटचं एकदा खेळून घ्यावं. परत येताना ती वाटेत दोनदा थांबली. एकदा देवाचे आभार मानायला, आणि एकदा डोळे पुसायला.

रविवारी सकाळी हरिभाऊ बारा पोरांना घेऊन एसटीने गोखिवऱ्याला पोचले. वजनं होती भाताच्या गिरणीत. पहिला गेला वॉल्टर.

"एक्कावन्न," काट्याजवळचा माणूस म्हणाला.

"एकोणपन्नास," वॉल्टरने शांतपणे दुरुस्ती केली.

"एक्कावन्न. पुढचा."

पुढचा साडेपन्नास. त्याच्या पुढचा बावन्न. हरिभाऊंचा चेहरा लाल झाला. "तुमचा काटा खोटा आहे!" ते ओरडले, आणि गिरणीतली कबुतरं उडाली. गिरणीवाला रागावला नाही. त्याने सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर विसावर थांबला. दोन वजनं ठेवली, चाळिसावर थांबला. हरिभाऊ गप्प झाले, आणि ते गप्प झालेले संघाने पहिल्यांदाच पाहिले.

वॉल्टर बराच वेळ डोकं खाजवत होता. मग तो म्हणाला, "हरिभाऊ, आमचे बाबा दर गुरुवारी वखारीतून घरी आले की शेठला शिव्या देतात. म्हणतात, लोंगराच्या दांड्याचे म्हणून दर वजनामागे दोन किलो काट्यातच कापून ठेवलेत."

बाराही पोरं केळीवाल्यांच्या घरची. प्रत्येकाचा बाप दर गुरुवारी त्या काट्याला शिव्या द्यायचा. वर्षानुवर्षं प्रत्येकाने त्या जेवताना ऐकल्या होत्या, आणि दर शनिवारी त्याच काट्यावर चढून आनंदाने उतरले होते. शेठच्या काट्याने लोंगरांसारखाच पोरांचाही दांडा कापला होता.

बारांपैकी आठ जण पन्नासच्या वर गेले. युजीन शेवटी चढला. साडेएकोणपन्नास. तो बसला, म्हणजे गटात बसला. खरं वजन पन्नासच्या आत ठेवण्यासाठी उपाशी राहिलेला तो एकटाच, आणि त्याच्याबरोबर खेळायला उरले तीन. चार जणांचा संघ कुठे असतो? काट्यावरून उतरताना युजीनला रडावं की हसावं ते कळेना. आठ आठवडे, आणि सगळे या दोन किलोंच्या पायी.

गोखिवऱ्याची मंडळी भली होती. एवढ्या लांबून आलेली पोरं परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "साठच्या गटात एक संघ आलेला नाही. त्यांच्या जागी खेळता? संध्याकाळी पाचला. समोर मिठागराकडचे गडी आहेत, सांगून ठेवतो."

हरिभाऊंनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी जमिनीकडे पाहिलं. मग मागून एक आवाज आला, सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक.

"साठच्या गटात किमान वजनाची अट असते का हो?"

"नाही रे, पोरा."

"म्हणजे किती खाल्लं तरी चालेल?"

"साठपर्यंत खा," म्हातारा म्हणाला.

नेमकी तेव्हाच डेल्फिन आणि क्लेमेंट गिरणीच्या आवारात शिरले. क्लेमेंटच्या डोक्यावर मोठी टोपली, मागे फ्लॉसी. डेल्फिनने ठेवणीतली साडी नेसली होती. ती सरळ हरिभाऊंकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "हरिभाऊ, तुमचे उपकार आहेत हो. त्याचा आज शेवटचा सामना म्हणून आम्ही सगळेच आलो. उद्या फादरांकडे पाठवतेय."

"कशाला?"

"फादर व्हायला सेमिनरीत जाणार ना तो. तुम्हाला बोलला नाही? दोन महिने उपास करतोय, पहाटे देवळात जातोय..."

हरिभाऊंना आपण वखारीत काय बोललो होतो ते त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यांनी टोपी काढली. "डेल्फिनबाई," ते त्यांच्या मानाने फारच हळू बोलले, "चूक माझी आहे. त्याचा उपास देवासाठी नव्हता. वजन उतरवण्यासाठी होता. मी मूर्खपणाने त्याला वाढ थांबव म्हणालो होतो."

डेल्फिन वळली. युजीन तिच्यासमोर उभा होता, खाली मान घालून.

"देवळात जायचास ते?"

"धावायला."

"आणि पास्काला रडलास ते?"

"भूक लागली होती, आई. मटणाचा वास सहन होत नव्हता."

फ्लॉसी खुदकन हसली आणि तिला पहिल्यांदाच त्याबद्दल धपाटा बसला. डेल्फिनने क्लेमेंटच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली, गिरणीबाहेरच्या चिंचेखाली केळीचं पान मांडलं आणि त्यावर भाकऱ्या ठेवल्या, उकडलेली अंडी ठेवली, वालाची भाजी, सुक्या बोंबलाची चटणी, केळी ठेवली. "बस," ती म्हणाली. तिचा आवाजही जरासा फाटला होता.

युजीन बसला. पहिला घास तोंडात गेला आणि त्याने डोळे मिटले. तिसऱ्या भाकरीला हरिभाऊंनी त्याचा हात धरला. "बास. दोन महिन्यांचं एका बैठकीत नको, पाचला पोटात गोळा येईल. आता केळं खा, पाणी पी आणि सावलीला पड. चार वाजता आणखी एक केळं. सामना झाला की मग हवं तेवढं." मग त्यांनी उरलेल्या अकरा जणांकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय बघताय? या, बसा. आजपासून या संघात कुणाला उपाशी बघितलं तर मी त्याच्या घरी पत्रं टाकणार नाही."

क्लेमेंट इतका वेळ बाजूला बसून केळी सोलत होता. एक सोललेलं केळं मुलाच्या हातात देत तो म्हणाला, "केळफूल धरायला आलेल्या केळीचं आपण खत तोडतो का रे?"

"नाही."

"वाढवतो ना?"

"हो."

"मग?" एवढंच बोलून त्याने दुसरं केळं सोलायला घेतलं. मामाच्या भाषणापेक्षा हे बरंच लांब झालं होतं, आणि युजीनला समजलंही.

पाच वाजता सामना सुरू झाला. मिठागराकडचे गडी उन्हाने भाजून काळे झालेले, खांदे टोपल्या वाहून घट्ट झालेले. एकेकाची पिंढरी युजीनच्या मांडीएवढी. पहिल्या डावात त्यांनी नंदाखालला धुऊन काढलं. वॉल्टरला एकदा उचललं ते आदबीने रेषेबाहेर ठेवून आले. दुसऱ्या डावात युजीन चढाईला निघाला आणि 'कबड्डी' म्हणताना त्याचा आवाज नको तिथे चिरकला. सगळं मैदान हसलं. पंचाने दम तुटला म्हणून शिट्टी तोंडाला लावली, तोच हरिभाऊ गरजले, "आवाज फुटलाय, दम चालू आहे! पंधरा वर्षांचा आहे तो! तुम्ही पंधराचे नव्हता का कधी?" पंचाने क्षणभर विचार केला. बहुतेक त्याला आपली पंधरा वर्षं आठवली. त्याने शिट्टी खाली घेतली.

युजीनला मात्र त्या हसण्याने काही झालं नाही, आणि याचं त्यालाच नवल वाटलं. पोटात भाकरी होती, छातीत दम होता. चिरक्या आवाजात का होईना, तो म्हणत राहिला. त्याने कोपऱ्यातल्या गड्याला शिवलं आणि परत फिरला, तोच दोघांनी त्याचे घोटे धरले. तिसरा पाठीवर आला, चौथ्याने कंबर धरली. युजीन मातीत आडवा पडला. मध्यरेषा समोर दिसत होती, पण लांब. आदल्या वर्षी अशाच जागी तो अडकला होता आणि वीतभर कमी पडला होता. त्याने हात पुढे केला, आणखी पुढे केला, खांदा निखळेल असं वाटलं, आणि त्याची बोटं रेषेवर पडली. चारही बोटं. ज्या लांब हातावर तो दोन महिने रागावलेला होता, तो हात रेषेच्याही पलीकडे गेला होता.

शिवलेला एक आणि धरणारे चार, पाच गडी एका चढाईत बाद झाले. गोखिवऱ्याची माणसं उठून उभी राहिली. डेल्फिनने किंचाळून शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली.

सामना ते तीन गुणांनी हरले. पण मिठागराच्या कप्तानाने युजीनला दंडाला धरून उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रोज काय खातो रं?" युजीनने खरं सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. तो नुसता हसला.

एसटीतून उतरून ते गावाकडे चालू लागले तेव्हा उन्हं गेली होती. क्लेमेंट आणि फ्लॉसी पुढे होते. डेल्फिन मागे, युजीनबरोबर. युजीनला वाटलं, आता ऐकावं लागणार. फादरांना सांगून झालं होतं, चारचौघींना सांगून झालं होतं. आईचं गावात हसं होणार, आणि ते आपल्यामुळे.

"आई," तो म्हणाला, "तुला सांगायला हवं होतं मी."

"हवं होतं." ती चालता चालता थांबली. "आणि मी विचारायला हवं होतं. ते जाऊ दे, फादरांना काय सांगायचं ते मी बघते. पण तुला एक सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. हे दोन महिने मी रोज गुडघे टेकून म्हणायचे, देवा, तुझाच आहे, तू घे. आणि आमेन म्हणायच्या आधी मनात म्हणायचे, पण नको घेऊस. एकच आहे मला." तिने पदराने नाक पुसलं. "देवाशी खोटं बोलत होते मी."

ती खाली बघत होती, आणि तिच्या डोक्यावरचा भांग त्याला वरून दिसत होता. आपण आईपेक्षा उंच झालोय हे त्याच्या आता लक्षात आलं, आणि पहिल्यांदाच त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याने तिच्या हातातली रिकामी टोपली घेतली.

"आई, घरी खायला काय आहे?"

आवाज सरळ निघाला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जाड. डेल्फिनने वर पाहिलं. "एवढं खाल्लंस ना दुपारी?" ती रागावून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने पदर खोचला आणि क्लेमेंटलाही मागे टाकून ती भराभर पुढे निघाली. घरी जाऊन पीठ मळायचं होतं.